सांगणारा ‘मी’ आणि जगलेला ‘मी’

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. गेल्या काही महिन्यांत तुम्ही पाच पुस्तकं वाचलीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, दया पवारांचं ‘बलुतं’ आणि सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ ही तीन झपाटल्यासारखी वाचून काढलीत. उद्धव शेळके यांची ‘धग’ पूर्ण केलीत, पण एकाच घरात एवढं दुःख ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ साठ पानांवर मिटलीत, कारण ‘त्यात काही घडतच नाही’. यावरून तुम्ही निष्कर्ष काढलात की आत्मचरित्र खरं असतं म्हणून भिडतं, आणि कादंबरी शेवटी रचलेलीच असते. मग यापुढे कादंबरीच्या वाटेला जावं का? शिवाय तीन शंका विचारल्यात. लक्ष्मीबाई नवऱ्यावर चिडत का नाहीत? ‘बलुतं’मधल्या, पहिल्या बायकोला संशयावरून सोडणाऱ्या माणसाबद्दल वाचकाला आपुलकी का वाटावी? आणि सुनीताबाईंनी घरातलं चारचौघांत का आणलं?

तुमची मतं मला आवडली. पुस्तकाच्या मलपृष्ठावरून उचललेली ती नाहीत, वाचताना खरोखर खुपलेल्या जागांवरून आलेली आहेत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. का पटत नाही हे माझ्या कामातून सांगते. प्रकाशनाकडे येणारी हस्तलिखितं मी वाचते, अभिप्राय लिहिते आणि स्वीकारलेल्यांचं संपादन करते. या कामाला २८ वर्षं झाली. येणाऱ्या हस्तलिखितांत आत्मचरित्रांचा वाटा मोठा असतो. निवृत्त शिक्षक, अधिकारी, डॉक्टर, शेतकरी, गृहिणी असे सगळे लिहितात. त्यातली बहुतेक शब्दशः खरी असतात आणि तरीही वाचताना खोटी वाटतात. ‘खरं असणं’ आणि ‘खरं वाटणं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला या टेबलावर कळलं.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त एसटी कंडक्टरांचं हस्तलिखित आलं होतं. अक्षर सुंदर, माणूस प्रामाणिक. त्यात आई गेल्याच्या प्रकरणात एक वाक्य होतं: ‘आई गेल्याची वार्ता कळताच माझ्यावर दुःखाचा डोंगर कोसळला.’ मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात? हातात काय होतं?’ पुढच्या भेटीत ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग सांगू लागले. ते डेपोत होते. ड्यूटी संपवून कॅश भरायला बसले होते. वेबिलाप्रमाणे, म्हणजे तिकिटविक्रीच्या नोंदीप्रमाणे, रक्कम एक रुपया चाळीस पैशांनी कमी येत होती. तेवढ्यात कंट्रोलरने येऊन निरोप सांगितला. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि पैसे पुन्हा मोजले. मग आणखी एकदा मोजले. तिसऱ्यांदा हिशेब जुळल्यावर उठले आणि मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले. “मी आधी का नाही उठलो, हे मला आजही कळत नाही,” असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. हे त्यांनी लिहिलं नव्हतं, कारण त्यांना त्याची लाज वाटत होती. डोंगराचं वाक्य लिहायला सोपं होतं, कारण ते आधीच सगळ्यांनी लिहिलेलं होतं.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण पहिल्यात फक्त सांगणारा माणूस आहे, आणि तोही इतरांच्या शब्दांत बोलतोय. दुसऱ्यात दोन माणसं आहेत. एक डेपोत बसून पैसे मोजणारा, आणि दुसरा त्याच्याकडे तीस वर्षांनी बघणारा. पहिल्याला काही कळलेलं नाही. दुसऱ्याला थोडं कळलंय, पण पूर्ण नाही. चांगल्या आत्मचरित्राचा जीव या दोघांमधल्या अंतरात असतो. जगलेला ‘मी’ आणि सांगणारा ‘मी’ एकच झाले की पुस्तक एकतर तक्रार होतं, नाहीतर सत्कार.

आता ‘बलुतं’कडे या. १९७८ साली ग्रंथालीने हे पुस्तक काढलं. त्याची सुरुवात आठवून बघा. तिथे दोन माणसं भेटतात, एक दगडू मारुती पवार आणि दुसरा दया पवार. खेड्यातल्या महारवाड्यातून आणि मुंबईच्या कावाखाना वस्तीतून आलेला दगडू बोलतो, आणि ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह लिहिणारा, पांढरपेशा जगात वावरणारा कवी दया पवार ऐकतो. दोघे एकच. मराठी आत्मकथनात जगलेला आणि सांगणारा यांना इतकं उघड समोरासमोर बसवल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. ही नुसती युक्ती नाही. शिकून वर आलेल्या माणसाला आपल्याच भूतकाळाची लाज वाटते आणि त्या लाजेचीही लाज वाटते. ही दुहेरी लाज एका ‘मी’त मावणारी नव्हती, म्हणून लेखकाने ती दोघांत वाटून दिली.

तुमची शंका सईबद्दल आहे. संशयावरून पहिल्या बायकोला सोडल्याची हकीकत वाचून तुम्हाला त्याचा राग आला. तो यायलाच हवा, पुस्तक तो येऊ देतं. हे प्रकरण गाळणं किंवा तिच्यावर दोष टाकून मोकळं होणं दया पवारांना अगदी सहज जमलं असतं. त्या काळात कुणी विचारलंही नसतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. ज्याच्यावर जातीने अन्याय केला तोच माणूस घरात बायकोवर अन्याय करू शकतो, हे त्यांनी स्वतःच्याच उदाहरणाने मांडलं. पुस्तक आल्यावर त्यांच्या समाजातल्या काही शिकलेल्या लोकांनी आक्षेप घेतला की हा उकिरडा कशाला उकरायचा. म्हणजे दोन्ही बाजूंनी गप्प राहण्याचा दबाव होता. तुम्ही सहानुभूतीबद्दल विचारता. माझ्या मते ‘बलुतं’ तुमच्याकडे सहानुभूती मागतच नाही. ते तुम्हाला साक्षीदार व्हायला सांगतं, आणि साक्षीदाराला कुणी आवडावं लागत नाही.

लक्ष्मीबाई चिडत नाहीत असं तुम्ही म्हणता. इथे तुम्ही थोडं घाईने वाचलंत असं मला वाटतं, आणि त्याला कारण त्यांचा विनोद. अकराव्या वर्षी लग्न, लहरी कवी नवरा, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारा, न सांगता निघून जाणारा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला, तेव्हा ही बाई पदरात मूल घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिली. हे सगळं जगताना ती किती चिडली, रडली, अंथरुणाला खिळली, हे पुस्तकात आहे. पण लिहायला बसली तेव्हा तिचं वय साठीच्या आसपास होतं आणि नारायण वामन टिळक १९१९ सालीच गेले होते. सांगणाऱ्या लक्ष्मीबाईंचा राग केव्हाच निवला होता. जगलेल्या लक्ष्मीबाईंचा मात्र त्यांनी जसाच्या तसा ठेवला. म्हणून एकाच परिच्छेदात तुम्हाला हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो.

या पुस्तकाची सुरुवात पुन्हा वाचा. त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेण्याचा हट्ट, त्यापायी आईचे झालेले हाल. दुसऱ्या कुणी यावर रूढींच्या जाचाबद्दल दोन पानांचं भाषण ठोकलं असतं. लक्ष्मीबाई फक्त दाखवतात. पुढे शे-दीडशे पानांनी त्या स्वतः सोवळ्यात अडकलेल्या दिसतात, आणि मग एका रात्री जात देवाने केली की माणसाने असा विचार करता करता त्यांची गाठ सुटते. तेव्हा ते वडिलांचं धुणं आपसूक आठवतं. ही रचना आहे. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून कसंबसं लिहिणं-वाचणं शिकलेल्या बाईने केलेली, पण पक्की रचना. काय आधी सांगायचं, काय मागे ठेवायचं आणि कुठे थांबायचं, हे सगळं त्यांनी निवडलं आहे. ‘आत्मचरित्र रचलेलं नसतं’ हे तुमचं म्हणणं इथेच अडखळतं. तुम्ही संक्षिप्त आवृत्ती वाचली असेल तर पूर्ण आवृत्तीही मिळवा. हे पुस्तक १९३४ ते १९३७ दरम्यान चार भागांत आलं होतं, आणि संक्षेपात त्यातला सांगण्याचा सैलपणा, मध्येच दुसरीकडे वळण्याची त्यांची सवय पुष्कळ कमी झाली आहे. मला तीच सवय सर्वांत मोलाची वाटते.

एका गोष्टीकडे मात्र वाचकाने जरा सावधपणे पाहावं. पन्नास वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कुणालाच आठवत नाहीत. लक्ष्मीबाईंनाही आठवले नसणार. त्यांनी ते पुन्हा घडवले, त्या त्या माणसाच्या बोलण्याची ढब पकडून. ही फसवणूक म्हणता येणार नाही. आठवण अशीच काम करते. पण त्यावरून एक कसोटी मिळते आणि मी ती रोज वापरते. आत्मचरित्रात संवाद कुणाला मिळतात आणि कुणाला मिळत नाहीत, ते बघायचं. ज्या पुस्तकात बायको पाचशे पानांत एकदाही तोंड उघडत नाही, किंवा सावत्र भावाबद्दल फक्त ‘त्यांनी आम्हाला फसवलं’ एवढंच येतं आणि तो स्वतः बोलताना ऐकू येत नाही, तिथे लेखक काहीतरी टाळतो आहे असं समजायला हरकत नाही. ‘स्मृतिचित्रे’त टिळक भरपूर बोलतात, आणि पुष्कळदा वादात लक्ष्मीबाईंवर मातही करतात. ज्या माणसामुळे आपलं आयुष्य उलटंपालटं झालं त्याला इतकं बोलू देणं, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

याच कारणासाठी मी नव्या वाचकांना एक जोडी सुचवते: धोंडो केशव, म्हणजे अण्णा कर्वे, यांचं ‘आत्मवृत्त’ (१९१५) आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचं ‘माझे पुराण’ (१९४४). लग्न एकच, १८९३ साली झालेला विधवाविवाह. त्यापायी मुरूडकरांनी टाकलेला बहिष्कार एकच, स्त्रीशिक्षणाच्या संस्थाही त्याच. अण्णांच्या पुस्तकात संस्था कशी उभी राहिली ते कळतं. बायांच्या पुस्तकात कळतं की पैसा संस्थेकडे वळत असताना घर कसं चाललं. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. पण एकट्या अण्णांचं पुस्तक वाचणाऱ्याला अर्धीच हकीकत कळते, आणि ती अर्धी आहे हेही कळत नाही. बायांनी हे पुराण सुनेला सांगितलं आणि तिने ते उतरवून घेतलं, त्यामुळे त्यात बोलण्याची लय टिकली आहे. दोन्ही पुस्तकं एका आठवड्यात, पाठोपाठ वाचा. ‘खरं’ या शब्दाबद्दल तुमचा विचार बदलेल अशी माझी खात्री आहे.

उतरवून घेण्यावरून आणखी एक. शब्दांकन केलेल्या आत्मकथनांकडे वाचक जरा कमी लेखून पाहतात, ‘लेखक दुसराच आहे ना’ असं म्हणून. हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) अरुण साधू यांनी शब्दांकित केलेलं आहे, आधी ‘माणूस’ साप्ताहिकातून क्रमशः आलं होतं. त्यातली वाक्यं छोटी आहेत, स्वतःबद्दल दया मागणारं विशेषण शोधून सापडायचं नाही. दुसऱ्याच्या हातून उतरूनही तो आवाज त्या बाईचाच राहिला. शब्दांकन करणाऱ्याने स्वतःला बाजूला ठेवणं किती अवघड असतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

सुनीताबाईंबद्दलच्या शंकेवर मला वेळ द्यायचा आहे, कारण ती शंका १९९० साली पुस्तक आलं तेव्हाही घरोघर बोलली गेली. पु. ल. देशपांडे महाराष्ट्राचं लाडकं व्यक्तिमत्त्व. ते हयात असताना पत्नीने त्यांचा आत्ममग्नपणा, संसारातल्या कामांबद्दलची बेफिकिरी लिहावी, याने पुष्कळ जण दुखावले. पण पुस्तक ‘भाईंबद्दलचं’, म्हणजे पु. लं.बद्दलचं, म्हणून वाचायचं सोडून दिलं की दिसतं, त्यात सर्वांत कठोर तपासणी चालली आहे ती सुनीताबाईंची स्वतःची. आपला काटेकोरपणा, माणसांना तोडून बोलण्याची सवय, आपण जे केलं ते प्रेमापोटी की अहंकारापोटी, हे त्या पुनःपुन्हा उलटून बघतात. पुस्तक सनावळीने पुढे जात नाही. आठवण जिथे नेईल तिथे जातं, परत येतं, आधी काढलेला निष्कर्ष खोडतं. घरातलं चारचौघांत आणायचं असतं तर त्यांनी सरळ सनावळीने हकीकत सांगितली असती, लोकांना तेच हवं होतं. माझा एक आक्षेप आहे. काही ठिकाणी ही आत्मतपासणी इतकी लांबते की समोरची माणसं अंधुक होतात, आणि वाचक एकाच आवाजात कोंडला जातो. तुम्हाला ते पुस्तक वाचताना गुदमरल्यासारखं झालं असेल तर त्याचं कारण बहुधा हे असावं, खाजगीपणाचा भंग नव्हे.

‘मी’ नेहमी एकट्याचाच असतो असंही नाही. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ तुमच्या यादीत नाही, ते घ्या. नावातच ‘आमुचं’ आहे. फलटणला दुकान सांभाळताना पुड्या बांधायला आलेले रद्दी कागद वाचून त्यांनी वाचनाची भूक भागवली, आणि स्वतःचं लिखाण घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आलं. त्यात बेबीताईंच्या खाजगी आयुष्याबद्दल फार थोडं आहे. वीरगावच्या महारवाड्यातल्या बायकांचं बाळंतपण, उपासमार, अंगात येणं, सासुरवास हे सगळं ‘आम्ही’ म्हणून येतं. आत्मचरित्राचा नायक एक व्यक्ती असली पाहिजे हा आपला ग्रह तिथे गळून पडतो. उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) ही त्याच्या पुढची पायरी. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांच्या घोळक्याने ते सुरू होतं, आणि मग त्या घोळक्यातून एक मुलगी हळूहळू वेगळी दिसू लागते. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. आई टोपल्या विणायची आणि मुलगी लिहिते, दोन्हीत वीण एकच, असं त्यांनी म्हटलं आहे.

आता कादंबरीकडे. तुमचं म्हणणं, ती रचलेली असते. बरोबर. पण कशातून रचलेली असते?

१८९० साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्याने छापायला घेतली. ही कादंबरी म्हणजे यमुना नावाच्या मुलीने लिहिलेलं आत्मचरित्र, असा तिचा घाट आहे. लिहिणारा २६ वर्षांचा पुरुष. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आलं १९१० साली, म्हणजे वीस वर्षांनी. रमाबाईंचं पुस्तक शंभर टक्के खरं आहे, घरातल्या बायकांनी शिकण्यावरून केलेला छळ त्यात स्पष्ट आहे. पण ते पतीबद्दलच्या भक्तीने भारलेलं आहे, आणि त्या भक्तीपुढे जगलेल्या रमाबाईंचं मन अनेकदा झाकलं जातं. आपट्यांची यमुना कधी अस्तित्वात नव्हती. तरी मुंबईतल्या छोट्याशा बिऱ्हाडात नवऱ्याबरोबर वाचायला मिळाल्याचा तिचा आनंद, आणि विधवा झाल्यावर शंकरमामंजींनी तिच्या केसांचं जे केलं ती पानं, यांत त्या काळातल्या एका मुलीचं मन इतकं उघडं होतं की मी ती पानं सलग वाचू शकत नाही. जी बाई स्वतः लिहू शकत नव्हती, किंवा लिहिलं तरी सांगू शकत नव्हती, तिच्यासाठी ‘मी’ उभा करायचं काम इथे कादंबरीने केलं. आत्मचरित्राला जगलेला माणूस लागतो, शिवाय त्याला लिहिता यावं लागतं, सवड आणि धैर्य लागतं. ज्यांना यातलं काहीच मिळत नाही त्यांची हकीकत कादंबरीच सांगू शकते.

आता ‘धग’कडे बघा. कौतिक कधी आत्मचरित्र लिहिणार होती? वऱ्हाडातल्या शिंप्याची बायको, नवरा महादेव कामाला न भिडणारा, मुलांची तोंडं खायला उठलेली, त्यात पुढे त्याला महारोग. तुम्ही म्हणता दुःख ओढूनताणून आणलंय. मी कादंबरी तीनदा वाचली आहे, आणि आजार आल्यानंतरच्या भागात लेखकाचा हात थोडा जड होतो हे मलाही वाटतं. पण दुःखाच्या संख्येवरून तिला तोलू नका. कौतिक स्वतः त्या दुःखाशी कशी वागते ते बघा. ती त्यावर बोलतच नाही. तिचं लक्ष कायम उद्याच्या भाकरीकडे, कामाला जायचं कुठे, कुणाकडे किती मागायचे याकडे. तिचा मानीपणा तिला दर वळणावर महाग पडतो, आणि तरी ती तो सोडत नाही. कादंबरीचा निवेदक तिच्यापेक्षा एक शब्दही जास्त हळहळत नाही. मी मघाशी जे दोन ‘मीं’चं अंतर म्हटलं, ते इथे निवेदक आणि पात्र यांच्यात आहे. आणि संवादांतली वऱ्हाडी! मोठ्याने वाचून बघा. डोळ्यांनी वाचताना ती परकी वाटते, तोंडातून गेली की माणसं समोर बसतात.

उलटा अनुभव घ्यायचा असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो आणि ‘मी’ म्हणून सांगतो. माडगूळकरांनी तरुणपणी खेड्यावर मास्तरकी केली होती. मुखपृष्ठ काढून तुमच्या हातात दिली तर तुम्ही ती आत्मचरित्र म्हणून वाचाल, आणि तेवढीच भिडेल. हा मास्तर स्वतःबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. कारभारी, आनंदा रामोशी, तालमीची इमारत, मग दुष्काळ, आणि एकेक घर वाडी सोडून जातं. सांगणारा सगळा वेळ बाजूला उभा आहे. आत्मचरित्र लिहिणाऱ्यांना मी हे पुस्तक आवर्जून वाचायला देते, ‘मी’ किती थोडा लागतो हे कळावं म्हणून.

राहता राहिली ‘कोसला’. काही घडत नाही हे तुमचं निरीक्षण साठ पानांपुरतं खरं आहे. १९६३ साली नेमाड्यांनी ती लिहिली तेव्हा ते पंचविशीचे होते, त्यांचं गाव सांगवी, आणि नायकाचं नाव पांडुरंग सांगवीकर, वय पंचवीस. म्हणजे लेखक आणि ‘मी’ यांच्यात अंतर जवळजवळ शून्य. असं अंतर नसलेलं पहिलं पुस्तक माझ्याकडे दर महिन्याला येतं आणि बहुधा परत जातं. ‘कोसला’ तरते ती भाषेमुळे. पांडुरंग प्रत्येक गोष्टीला ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ लावत बोलतो. मेस, होस्टेल, परीक्षा, वक्तृत्व, मित्र, सगळ्याला एकच माप. वाचकाला वाटतं हा टवाळकी करतोय. खरं तर हा मुलगा कशालाही पूर्ण हात लावायला घाबरतो आहे. ‘वगैरे’ हे त्याचं चिलखत आहे. मग त्याची लहान बहीण मनी देवीच्या रोगाने मरते. त्या पानांवर ते चिलखत उपयोगाचं राहत नाही, आणि आधीचं सगळं बोलणं कशासाठी होतं ते कळतं. त्याआधीची पानं वगळून थेट तिथे गेलात तर तेवढं लागणार नाही. पण ती पानं रटाळ वाटली तर झपझप वाचा, त्यात काही पाप नाही.

कंडक्टरांनी तीनदा मोजलेले पैसे आणि पांडुरंगाचं ‘वगैरे’ ही एकाच जातीची गोष्ट आहे. एक खरा घडलेला, दुसरा रचलेला. दोन्हीत माणूस दुःखापासून पळतोय आणि पळताना पकडला जातोय. मी वाचते ते असं पकडलेलं पाहायला. ते पुस्तक कोणत्या कपाटात ठेवलंय याने मला फरक पडत नाही.

पुढच्या वाचनासाठी यादी मागितलीत, पण मी लांब यादी देणार नाही. कर्वे पती-पत्नीची जोडी आणि ‘जिणं आमुचं’ वर सांगितलीच. कादंबरीत धरणाने उठवलेल्या माणसांवरच्या दोन घ्या: विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, अनुक्रमे १९९२ आणि २०२३ सालचा. पहिलीत पुनर्वसनाची अख्खी यंत्रणा आहे, कागद, पुढारी, दलाल, मोर्चे. दुसरीत मुख्यतः देवाप्पा नावाचा एक माणूस आहे, जो उठलेल्या गावात मागे राहून रानटी झालेली म्हैस आणायला परत जातो. विषय एकच असताना एक लेखक गर्दी निवडतो आणि दुसरा एकटा माणूस, यावर तुमचं मत वाचायला मला खरंच आवडेल. आणि ‘कोसला’ परत उघडाल तेव्हा रात्री झोपताना वाचू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसा आणि मनीच्या पानांपर्यंत एका बैठकीत जा.